रब्बी ज्वारी: ॲझोटोबॅक्टर चोळा, पण नत्रापेक्षा मुळांसाठी

बारामती, इंदापूर, दौंड, शिरूर, पुरंदरच्या जिरायती पट्ट्यात 15 सप्टेंबर ते 15 ऑक्टोबर हा ज्वारी पेरणीचा काळ. बियाण्याला चोळायच्या ॲझोटोबॅक्टर या जिवाणूचं पाकीट दुकानात ‘हवेतला नत्र देणारं’ म्हणून विकलं जातं. खोटं नाही, पण अर्धंच. नत्र स्थिर करायला या जिवाणूला सेंद्रिय कर्ब भरपूर लागतो आणि आपल्या रानात नेमका त्याचाच दुष्काळ. त्यात जमिनीत आयता नत्र असला, की तो हवेतला घ्यायच्या भानगडीत पडत नाही. तरीही पिकात फरक दिसतो, त्याचं बरंचसं श्रेय हा जिवाणू बनवतो त्या संजीवकांना, म्हणजे वाढीला चालना देणाऱ्या द्रव्यांना.

हा जिवाणू मुळांवर गाठी करत नाही, मुळालगतच्या मातीत मोकळा राहतो. मुळांतून झिरपणाऱ्या साखरेवर जगतो आणि त्याच स्रावातल्या ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून इंडोल ॲसिटिक आम्ल, म्हणजे ऑक्झिन हे संजीवक, बनवतो. थोडं जिबरेलिन आणि सायटोकायनिनही. ऑक्झिनमुळे बाजूची मुळं आणि केसमुळं जास्त फुटतात, रोप लवकर पाय रोवतं. ओल खाली खाली जाते त्या रब्बीत हेच खरं कामाचं. मात्र ऑक्झिन थोडं असेल तरच. जास्त झालं की मुळाची लांबी खुंटते. म्हणून दुप्पट पावडर चोळण्यात काही हशील नाही.

किलोला 25 ग्रॅम, म्हणजे एकरी 4 किलो बियाण्याला 100 ग्रॅम पुरतं. काणी रोग टाळायला 300 मेश (अगदी बारीक) गंधक किलोला 4 ग्रॅम आधी चोळा, कीटकनाशक लावायचं असल्यास ते त्यानंतर, जिवाणू सर्वांत शेवटी. लिटरभर पाण्यात 125 ग्रॅम गूळ उकळून पूर्ण गार करा. गरम पाण्यात जिवाणू मरतात. त्यातल्या 150 ते 200 मिलीत पावडर कालवून बियाण्यावर शिंपडा आणि हलक्या हाताने चोळा. दाण्याला पातळ लेप बसला की झालं. बारदानावर सावलीत सुकवा, त्याच दिवशी पेरा.

घोळ होतो तो बहुधा पेरताना. बियाणं आणि युरिया एकाच चाड्यात घातले तर वरची सगळी मेहनत पाण्यात. दोन चाड्यांची पाभर वापरा, खत वेगळं पडू द्या. पाकीट पत्र्याच्या शेडमध्ये ठेवू नका, घेताना अंतिम तारीख बघा. जिवाणू लावला म्हणून नत्राचा हप्ता मात्र बंद करू नका.

भोर, मुळशीकडे सामू (पीएच) 6 च्या खाली, म्हणजे आम्लधर्मी असलेल्या लाल मातीत हा जिवाणू नीट तगत नाही; तिथे फार अपेक्षा नको.

चार ओळी बिनचोळलेल्या ठेवा. वीस-पंचवीस दिवसांनी दोन्हीकडची रोपं खुरप्याने मातीसकट काढून अलगद हलवा. केसमुळं दाट असतील तिथे माती मुळाला बिलगून राहते.