कोटिंगवर प्रोटीन किती चिकटतं, कसं बघायचं

पीईजी (पॉलिइथिलीन ग्लायकॉल, प्रोटीन चिकटू नये म्हणून लावतात ते पॉलिमर) कोटिंगवाल्या कॅथेटरचा तुकडा तपासायचा असेल तर फायब्रिनोजेन (रक्त गोठायला लागणारं प्रोटीन) घ्या, नुसत्या अल्ब्युमिनवर भागवू नका, प्लेटलेट्स चिकटतात त्या फायब्रिनोजेनला. तुकडा आधी पीबीएसमध्ये (फॉस्फेटचं खारट बफर) भिजवा, मग फायब्रिनोजेनच्या १ मिग्रॅ/मिली द्रावणात ३७ डिग्रीला तासभर, सोबत तुलनेला बिनकोटिंगचा तुकडा हवाच. खरी गोम धुण्यात आहे, तुकडा सरळ वर उचलला की द्रावणाच्या पृष्ठभागावर जमलेलं प्रोटीन त्याला लागून येतं आणि चांगलं कोटिंगही फुकट बदनाम होतं, म्हणून तो बुडालेलाच ठेवून वरून बफर सोडत राहा, जुनं द्रावण वाहून जाऊ दे. मग १% एसडीएसने (हे डिटर्जंट) प्रोटीन सोडवा, मायक्रो बीसीए (रंगावरून प्रोटीन मोजायची चाचणी) करा, ५६२ नॅनोमीटरला रीडिंग. एसडीएसने सगळं निघतंच असं नाही हां.