व्हिक्टोरियन लंडनच्या एखाद्या वस्तीतले मृत्यू मोजताय? या चुका टाळा

इंग्लंडमधला आरोग्य-सुधारक एडविन चॅडविक याच्या १८४२ च्या अहवालातला एक आकडा पुन्हापुन्हा उद्धृत होतो. लंडनच्या बेथनल ग्रीन भागात मजूर आणि कारागिरांच्या कुटुंबांत मृत्यूचं सरासरी वय १६ वर्षं, दुकानदार-व्यापाऱ्यांच्या कुटुंबांत २६ आणि वरच्या थरातल्या कुटुंबांत ४५. तक्ता अस्सल आहे. त्यावरून ‘बेथनल ग्रीनचा मजूर सोळाव्या वर्षी मरत असे’ असं लिहिलं की मात्र अर्थाचा अनर्थ होतो. सोळाव्या वर्षी मरणारे फारच थोडे होते. मरत होती ती दोन-चार वर्षांच्या आतली मुलं आणि चाळिशी-पन्नाशीतली माणसं. सोळा ही दोघांमधली निव्वळ सरासरी.

या सरासरीत आणखी एक खोट आहे. ज्या वस्तीत तरुण जोडपी जास्त, तिथे जन्म जास्त. जन्म जास्त म्हणून मेलेल्यांतही तान्ह्या मुलांचा वाटा जास्त. मृत्यूचा धोका कणभरही वाढलेला नसताना मृत्यूचं सरासरी वय खाली येतं. नीसन या विमागणितज्ञाने १८४४ मध्येच चॅडविकच्या पद्धतीवर हा आक्षेप घेतला होता. तुलना करायची असेल तर आयुर्मान सारणी वापरा, म्हणजे प्रत्येक वयाच्या मृत्यूच्या धोक्यावरून पुढचं आयुष्य काढणारा तक्ता. जन्म-मृत्यू नोंदणी खात्यातला संख्याशास्त्रज्ञ विल्यम फार याने १८४० च्या दशकात काढलेल्या सारण्यांत जन्मवेळचं अपेक्षित आयुर्मान सरे परगण्यात ४५, लंडनमध्ये ३७ आणि लिव्हरपूलमध्ये २६ वर्षं येतं. चॅडविकच्या तक्त्यात लिव्हरपूलच्या मजुरांचं मृत्यूचं सरासरी वय १५ आहे. हे २६ आणि १५ एकाच शहराचे असले तरी एकाच मापाने मोजलेले नाहीत. त्यांना एका वाक्यात शेजारी बसवू नका.

भागायचं कशाने?

मृत्यूदर म्हणजे वर्षभरातले मृत्यू भागिले त्या वर्षाच्या मध्याची लोकसंख्या, गुणिले १,०००. मृत्यूंचा आकडा नोंदणीतून सहज मिळतो आणि लोक तो जवळच्या जनगणनेच्या आकड्याने भागून मोकळे होतात. भरभर वाढणाऱ्या वस्तीत एवढ्यानेच दर बिघडतो.

बेथनल ग्रीनचंच घ्या. १८५१ च्या जनगणनेत तिथे सुमारे ९०,००० माणसं होती, १८६१ मध्ये सुमारे १,०५,०००. १८५४ चा दर काढायचा असेल तर दहा वर्षांत लोकसंख्या किती पट झाली ते आधी काढा: १.१६७. जनगणना ३० मार्च १८५१ ला झाली, म्हणजे १८५४ चा मध्य सव्वातीन वर्षांवर. १.१६७ चा ०.३२५ हा घात घेतला की १.०५१ मिळतो, आणि लोकसंख्या सुमारे ९४,६००. थेट १८५१ चा आकडा वापरला असता तर दर पाच टक्क्यांनी फुगला असता. पुढच्या जनगणनेआधीच्या एक-दोन वर्षांसाठी हीच चूक पंधरा टक्क्यांपर्यंत जाते, आणि ‘या दशकात परिस्थिती बिघडली’ असा खोटा निष्कर्ष आयता तयार होतो.

१८४१ च्या जनगणनेत पंधरा वर्षांवरच्या माणसांची वयं पाचच्या पटीत खाली ओढून लिहायची सूचना होती. त्यामुळे त्या वर्षाचे बारीक वयोगट पाडू नका.

उलट दिशेची चूक मुंबईच्या आकड्यांत दिसते. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला आणि त्या हिवाळ्यात लाखो लोक शहर सोडून कोकणात, घाटावर, गुजरातेत गेले. १८९१ च्या जनगणनेतल्या ८ लाख २१ हजारांनी त्या महिन्यांतले मृत्यू भागले, तर मागे राहिलेल्यांच्या वाट्याला आलेला धोका खूपच कमी दिसतो. वस्ती रिकामी होत असताना छेद तसाच ठेवणं ही हिशोबातली चूक आहेच. जे शहरात राहिले त्यांच्यावरचा तो अन्यायही आहे.

छेद ठीक असला तरी वयाचा घोटाळा उरतो. समजा दोन वस्त्यांत पाच वर्षांखालच्या मुलांचा मृत्यूदर हजारी ६० आणि बाकीच्यांचा हजारी १२ असा अगदी सारखाच आहे. पहिल्या वस्तीत दहा हजारांमागे १,५०० लहान मुलं आहेत, दुसरीत ८००. पहिलीचा एकूण दर हजारी १९.२ येतो, दुसरीचा १५.८. धोका तोच, आकडा वेगळा. लंडनच्या पश्चिमेच्या श्रीमंत भागांत हे हमखास घडतं, कारण तिथे घरकामाला आलेल्या तरुण, अविवाहित मुली मोठ्या संख्येने राहत. त्यांचं वय मुळात कमी मृत्यूचं, आणि गंभीर आजारी पडल्या की त्यांची रवानगी गावी किंवा रुग्णालयात. मृत्यू दुसरीकडे नोंदला जाई आणि केन्सिंग्टनसारखा भाग आहे त्यापेक्षा निरोगी दिसे. म्हणून दोन वस्त्या ताडून पाहण्याआधी वयोगटवार दर काढा आणि ते एकाच प्रमाण लोकसंख्येला लावा. संपूर्ण इंग्लंड-वेल्सची त्या वर्षाची वयरचना प्रमाण धरणं सोयीचं पडतं.

मेला कुठे, राहत कुठे होता?

मृत्यूची नोंद जिथे मृत्यू झाला त्या जिल्ह्यात होई. मृताच्या राहत्या जागी मृत्यू वर्ग करायची पद्धत नोंदणी खात्याने देशभर १९११ मध्ये आणली. त्याआधीच्या तक्त्यांत रुग्णालय, गरीबखाना किंवा वेड्यांचं इस्पितळ असलेला जिल्हा विनाकारण बदनाम होतो. लिव्हरपूल रोडवरच्या लंडन फीव्हर हॉस्पिटलमध्ये साऱ्या शहरातून तापाचे रोगी येत आणि त्यांचे मृत्यू इस्लिंग्टनच्या खात्यावर पडत. १८७१ नंतर होमर्टनच्या साथरोग रुग्णालयांमुळे हॅकनीचं तेच झालं.

यावर उपाय म्हणजे स्थानिक आरोग्य अधिकाऱ्याचा वार्षिक अहवाल. १८५५ च्या कायद्याने लंडनच्या प्रत्येक भागाला असा अधिकारी नेमावा लागला. बरेच अधिकारी आपल्या हद्दीतल्या संस्थांमध्ये मेलेले बाहेरचे लोक वजा करून आणि बाहेर मेलेले आपले रहिवासी मिळवून दुरुस्त दर देत. मात्र प्रत्येक जण हे करत नव्हता, आणि तोच अधिकारी दरवर्षी करेल याचीही खात्री नव्हती. तळटीप वाचल्याशिवाय दोन वर्षांचे आकडे जोडू नका. हे अहवाल वेलकम कलेक्शनने जालावर मोफत ठेवले आहेत.

हद्दीही तपासाव्या लागतात. नोंदणी जिल्हे बहुतांशी १८३४ च्या गरीब-कायद्याखालच्या संघांवरून आखलेले होते. त्याच नावाचा चर्चचा परगणा किंवा संसदीय मतदारसंघ वेगळा असू शकतो. चर्चच्या दफन नोंदींवरून मृत्यू मोजणाऱ्यांची फसगत तर ठरलेली. १८५० च्या दशकात दफन कायद्यांनी शहरातली जुनी दफनभूमी एकामागून एक बंद केली आणि प्रेतं ब्रुकवुडसारख्या दूरच्या ठिकाणी जाऊ लागली. नोंदवहीतले आकडे एकदम पडतात ते या कारणाने. लोक मरायचे थांबले नव्हते.

सोहोचा पंप

१८५४ च्या ऑगस्टअखेर लंडनच्या सोहो भागात ब्रॉड स्ट्रीटच्या आसपास पटकीचा (कॉलऱ्याचा) उद्रेक झाला आणि एकूण ६१६ माणसं गेली. ही गोष्ट मराठीत बहुधा अशी सांगतात: जॉन स्नो या डॉक्टरने नकाशा काढला, नकाशात पंप दिसला, पंपाचा दांडा काढला, साथ थांबली. या क्रमातली जवळजवळ प्रत्येक पायरी चुकीची आहे.

पाण्यातून पटकी पसरते हे स्नोने १८४९ मध्येच मांडलं होतं. सोहोत तो पंपावरचा संशय घेऊनच उतरला, घरोघर चौकशी केली आणि नकाशा नंतर तयार केला. दांडा ८ सप्टेंबरला काढला, पण मृत्यूंचा कडेलोट सप्टेंबरच्या पहिल्या दोन दिवसांतच होऊन गेला होता आणि लोक वस्ती सोडून पळाले होते. दांडा काढल्याने साथ थांबली असं सिद्ध करता येत नाही, हे स्नोने स्वतः कबूल केलं आहे. त्याची खरी ताकद अपवाद शोधण्यात होती. पोलंड स्ट्रीटच्या गरीबखान्यात ५३५ माणसं होती आणि पटकीने फक्त ५ मेली, कारण आवारात स्वतःची विहीर होती. ब्रॉड स्ट्रीटच्याच बिअर कारखान्यातले सत्तर कामगार वाचले. उलट दूर हॅम्पस्टेडला राहणारी एक विधवा मेली, कारण तिच्यासाठी याच पंपाचं पाणी मुद्दाम नेलं जात होतं. नकाशावर फक्त ठिपके मोजणाऱ्याला यातलं काहीच सापडलं नसतं.

त्याच वर्षीच्या दक्षिण लंडनच्या अभ्यासात आणखी एक चूक सर्रास होते. साथीच्या पहिल्या सात आठवड्यांत साउथवर्क-व्हॉक्सहॉल कंपनीचं पाणी घेणाऱ्या ४०,०४६ घरांत १,२६३ मृत्यू झाले. लॅम्बेथ कंपनीच्या २६,१०७ घरांत ९८. स्नोने दिलेले ३१५ आणि ३७ हे दर दहा हजार घरांमागचे आहेत. ते दहा हजार माणसांमागचे म्हणून छापले की मृत्यू कितीतरी पट फुगतात.

रोगाचं नाव

इथे मराठी लेखकांना भाषेचाही फटका बसतो. टायफसला ‘विषमज्वर’ म्हणू नका. विषमज्वर म्हणजे टायफॉइड. टायफस उवांतून पसरतो आणि गर्दी, उपासमार, न धुतलेले कपडे यांचा रोग आहे. टायफॉइड मैल्याने दूषित पाण्याचा-अन्नाचा. विल्यम जेनरने १८५० च्या सुमारास दोन्हींतला फरक दाखवला, तरी नोंदणी खात्याच्या तक्त्यांत ते १८६९ पासून वेगळे झाले. त्यामुळे १८६० चा ‘टायफस’ वाचून वस्तीत उवा होत्या असंही ठरवता येत नाही आणि पाणी घाण होतं असंही नाही. १८६९ च्या आसपास टायफॉइडची रेघ शून्यातून एकदम वर उठलेली दिसली तर ती साथ समजू नका.

- ‘इंग्लिश कॉलरा’ म्हणजे उन्हाळी जुलाब-वांत्या. तो आकडा पटकीत मिळवू नका.
- ‘थायसिस’ म्हणजे बहुतेक वेळा फुफ्फुसाचा क्षय, पण कोखने क्षयाचा जंतू १८८२ मध्ये दाखवला. त्याआधीचं निदान खोकला, रक्त आणि खंगणं पाहून केलेलं. गंडमाळ, म्हणजे मानेच्या गाठींचा क्षय, वेगळी नोंदली जाई.
- ‘क्रुप’मध्ये (लहान मुलांचा घसा आणि श्वास कोंडणारा आजार) घटसर्प बराच दडलेला असतो, जुन्या वर्षांत स्कार्लेट फीव्हरमध्येही.
- ‘ड्रॉप्सी’ हे लक्षण आहे. अंगावर सूज, मूळ रोग हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा. सरसकट जलोदर असं भाषांतर नको.
- ‘पेरिटोनायटिस’, आणि मृत बाई विशी-तिशीतली: त्याच घरात त्याच महिन्यात जन्म नोंदला आहे का ते पाहा. बाळंतरोग लिहायला डॉक्टर कचरत.
- फारचा ‘झायमॉटिक’ वर्ग म्हणजे आजचे संसर्गजन्य रोग नव्हेत. देवी, गोवर, पटकी त्यात होते, पण क्षय नव्हता.

प्रमाणपत्रावर ‘सर्टिफाइड’ आहे का तेही पाहा. उपचार करणाऱ्या डॉक्टरने कारण लिहून देणं १८७४ च्या कायद्याने सक्तीचं झालं. त्याआधीचं कारण शेजारणीनेही सांगितलेलं असू शकतं.

तान्ही मुलं

बालमृत्यूदर म्हणजे एक वर्षाच्या आतले मृत्यू भागिले त्याच वर्षातले जिवंत जन्म. लोकसंख्येने भागायचं नाही. व्हिक्टोरियन काळात इंग्लंड-वेल्सचा हा दर साधारण हजारी १५० च्या आसपास राहिला आणि १८९९ मध्ये १६३ वर गेला. शहरांतल्या गरीब वस्त्यांत तो याहून बराच वर.

सुरुवातीच्या दशकांत अडचण छेदाची आहे. जन्म न नोंदवल्याबद्दल पालकांवर दंडाची जबाबदारी १८७५ पासून नीट बसली. त्याआधी जन्म गळत, पण मृत्यूची नोंद दफनाशी बांधलेली असल्याने ती कमी गळे. म्हणून दर वाढीव दिसतो. दुसऱ्या बाजूला काही तास जगलेलं मूल ‘मृत जन्मलं’ म्हणून स्वस्तात पुरलं जाई. मृत जन्मांची नोंदणी इंग्लंडमध्ये १९२७ पर्यंत नव्हतीच, त्यामुळे ते मूल कुठल्याच रकान्यात येत नाही.

‘आकडी’, ‘दात येणे’, ‘अशक्तपणा’, ‘सुकटी’ ही कारणं एकेकटी मोजून हाती काही लागत नाही. मृत्यू तिमाहीने लावा. जुलै ते सप्टेंबरात उसळी दिसली तर त्यातली बरीच मुलं उन्हाळी जुलाबाने गेली, नाव काहीही लिहिलेलं असो. जानेवारी ते मार्चमधली ‘आकडी’ बहुधा छातीच्या विकाराची. आणि मुलाच्या नोंदीतल्या ‘व्यवसाय’ रकान्यात ‘रेशीम विणकर’ असलं तर तो बापाचा धंदा.

बेरीज जुळत नसेल तर

आधी तारीख तपासा. वार्षिक तक्ते नोंदणीच्या तारखेने चालतात. डिसेंबरअखेर झालेला किंवा चौकशीत अडकलेला मृत्यू पुढच्या वर्षात जातो. लंडनचे साप्ताहिक तक्ते शनिवारी संपत, म्हणून एखाद्या वर्षात ५३ आठवडे भरतात. मग हद्द, मग संस्था, मग रोगांचे गट, या क्रमाने जा. स्कॅनवरून संगणकाने वाचलेल्या आकड्यांत ३ चा ८ आणि १ चा ७ नेहमी होतो. आडवी आणि उभी बेरीज दोन्ही करून पाहिलीत तर चुकलेला रकाना लगेच सापडतो.

उपजिल्ह्यात एखाद्या रोगाने वर्षात १६ मृत्यू असतील तर निव्वळ योगायोगाने तो आकडा साधारण ८ ते २४ मध्ये हलू शकतो. पुढच्या वर्षी १० आले म्हणून गटारांना श्रेय देऊ नका. पाच वर्षं एकत्र करा आणि साथीचं वर्ष त्यातून वेगळं काढून त्याचा दर शेजारी स्वतंत्र लिहा.