शेतजमीन शेतीखालीच राहावी म्हणून

मी पेशाने सर्व्हेअर. शेतांच्या हद्दी मोजण्यात उमेदीची वर्षं गेली, त्यामुळे जमीन हातची कधी जाते हे मोर्चा काढणाऱ्यांच्या जरा आधी दिसतं. मोजणीचं बोलावणं येतं ते बहुधा वाटणीसाठी नाहीतर विक्रीसाठी, आणि वाटणी झाली की विक्री फार लांब नसते. प्लॉटचा बोर्ड लागला की सगळे जागे होतात. पण निर्णय त्याच्या कितीतरी आधी, एखाद्या घरात झालेला असतो. कसणाऱ्याचं शरीर थकलेलं असतं आणि 'पुढे कोण करणार?' याला घरात कोणाकडेच उत्तर नसतं. म्हणून सह्यांच्या मोहिमेने सुरुवात करू नका. यादीने करा.

आधी यादी, मग नकाशा

परिसरातल्या प्रत्येक शेतापुढे चार रकाने आखा: मालक कोण, प्रत्यक्ष कसतं कोण, कसणाऱ्याचं वय काय, त्याच्यानंतर कोण. पहिला रकाना सरकारी नोंदींवरून भरता येतो. उरलेले तीन बांधावर उभं राहून गप्पा मारल्याशिवाय भरत नाहीत, आणि खरी माहिती तिथेच असते. ज्याचा चौथा रकाना रिकामा, त्या शेतावर लाल खूण.

ही यादी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका. कोणाच्या घरात पुढचा कसणारा नाही, हे दलालाला आयतं कळेल. कागदावर एकच प्रत ठेवा, दोन भरवशाच्या माणसांकडे.

मग उपग्रहचित्र मोठं छापून घ्या आणि त्यावर तीनच गोष्टी रंगवा: पाणी, वाट, मातीची खोली. खोली अंदाजाने लिहू नका. ठिकठिकाणी खोदून मुरूम किंवा दगड कुठे लागतो ते पाहा. सपाट, खोल आणि पाण्याजवळची जमीन बांधकामालाही सोयीची असते. शिवाय जुन्या वस्त्या मुळात सुपीक जमिनीच्या आसऱ्यानेच वाढल्या. त्यामुळे शहर पसरायला लागलं की पहिला घास चांगल्या जमिनीचाच जातो. एक सेंटिमीटर माती तयार व्हायला शतकं लागतात. वर काँक्रीट पडलं की तो हिशेब मिटला.

नकाशावर सुटी शेतं शोधू नका, सलग पट्टे शोधा. पट्ट्याच्या मधलं एक शेत बिनशेती झालं की पाट तुटतो, बैलगाडी-ट्रॅक्टरची वाट अडते, नव्या घरांतून फवारणीबद्दल, शेणखताच्या वासाबद्दल तक्रारी सुरू होतात. मग शेजारचाही कंटाळतो. म्हणून ताकद मर्यादित असेल तर पट्ट्याच्या मध्यातलं लाल शेत आधी धरा, भले कडेला त्याहून चांगलं शेत असो.

मालकाशी बोलताना

पाच जणांनी फाइल घेऊन जाऊ नये. एकानेच जावं, शक्यतो स्वतः शेती करणाऱ्याने. 'जमीन विकू नका' हे वाक्य तर बोलूच नये. ज्याने आयुष्यभर तोट्यात शेती केली त्याला पगारदार माणसाने हे सांगणं उद्धटपणाचं आहे. त्याऐवजी विचारा: म्हातारपणाच्या खर्चाची सोय काय? मुलांना त्यांचा वाटा रोख हवाय का? खंडाने, म्हणजे ठरावीक मोबदल्यावर कसायला, दिली तर कोणाला द्याल, कोणाला नाही? बहुतेक मालकांच्या मनात एकच भीती असते, की दुसऱ्याच्या हातात दिलेली जमीन परत येणार नाही. तिच्यावर उपदेश चालत नाही, कागद चालतो.

खंडाचा कागद

इथे जरा थांबतो, कारण पुढच्या मोठ्या योजनांपेक्षा या साध्या कागदाने जास्त जमीन कसती राहते असं माझं मत आहे.

वर्ष-वर्षाच्या तोंडी बोलीवर दिलेल्या जमिनीत कोणी शेणखत घालत नाही, कारण त्याचा गुण दिसायला काही हंगाम जातात आणि तोवर आपण तिथे असू याची खात्री नसते. तेव्हा मुदत किमान पाच-सात वर्षांची हवी. सुरुवातीला दोघांच्या समोर माती तपासून सेंद्रिय कर्बाचा (मातीचा कस दाखवणारा) आकडा कागदावर लिहा, मुदत संपताना पुन्हा तपासा. वाढला तर कसणाऱ्याला काय मिळेल, घटला तर मालकाला काय, हे आधीच ठरवा. नमुना दोन्ही वेळा त्याच जागेवरून, तेवढ्याच खोलीवरून आणि वर्षाच्या त्याच सुमारास घ्या, नाहीतर आकड्यांची तुलना होणार नाही. विहीर, पंप, कुंपण यांची दुरुस्ती कोणी करायची, उभं पीक असताना जमीन सोडावी लागली तर काय, किती महिन्यांची सूचना, हेही लिहा. हद्दीच्या खुणांचे फोटो जोडा (हा माझा हट्ट; निम्मी भांडणं तिथेच मिटतात). कूळहक्काचे कायदे जागोजागी वेगळे असतात, म्हणून सही करण्याआधी स्थानिक वकिलाला कागद दाखवाच.

मालकीच बदलायची असेल तर

१९५१ साली पोचमपल्लीत विनोबांना पहिलं भूदान मिळालं हे आपण शाळेत शिकलो. त्यातून पुढे ग्रामदान आलं: मालकी गावाची, कसण्याचा हक्क कुटुंबाचा. ही कल्पना समुद्रापलीकडेही गेली. अमेरिकेत 'कम्युनिटी लँड ट्रस्ट'ची (जमीन संस्थेच्या मालकीची, वापर लोकांचा) मांडणी करणाऱ्यांनी ग्रामदानाकडूनही प्रेरणा घेतली होती, आणि १९६९ साली जॉर्जिया राज्यात कृष्णवर्णीय शेतकऱ्यांसाठी 'न्यू कम्युनिटीज' ही अशी पहिली संस्था उभी राहिली. जमीन होती ५,००० एकरांहून जास्त. पण डोक्यावर कर्ज होतं. दुष्काळ आला, सरकारी मदतीत वर्णभेद झाला, आणि १९८५ साली सगळी जमीन गेली. ट्रस्ट काढायचाच असेल तर जमीन गहाण ठेवून शेती चालवायची नाही, हा नियम ट्रस्टच्या घटनेतच घाला.

फ्रान्समध्ये २००३ पासून 'तेर द लियाँ' ही चळवळ सामान्य लोकांची बचत गोळा करून शेतं विकत घेते आणि शेतकऱ्यांना दीर्घ मुदतीच्या खंडाने देते. इंग्लंडमधलं फोर्डहॉल फार्म २००६ साली सुमारे ८,००० लोकांनी भागधारक होऊन वाचवलं. तिथली बहीण-भाऊ ही तरुण जोडी कसायला तयारच होती, हे मला त्यातलं सर्वांत महत्त्वाचं वाटतं. पैसे उभे राहतात. कसणारा ऐनवेळी उभा करता येत नाही.

आणखी एक मार्ग म्हणजे मालकी तशीच ठेवून बांधकामाचा हक्क तेवढा कायमचा सोडून देणं. अमेरिकेत अशा करारांनी बरीच शेतजमीन राखली गेली आहे. मालकाला त्या हक्काची किंमत मिळते, आणि जमीन पुढे विकली तरी बंधन तिच्याबरोबर जातं. तुमच्याकडे असा कायदा आहे का, हे आधी पाहावं लागेल.

कायदा मात्र अर्धंच काम करतो. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताने १९७३ पासून शेतजमिनीचं राखीव क्षेत्र आखलं. जमीन राखली गेली, पण तिच्यावर शेतीशी संबंध नसलेले प्रचंड बंगले उठू लागले. शेवटी २०१९ मध्ये घराच्या आकारावर ५०० चौरस मीटरची मर्यादा घालावी लागली.

लोकांना शेतात आणताना

एक दिवस येऊन रोप लावायचं, फोटो काढायचा आणि जायचं, याने काही होत नाही. कसणाऱ्याचा अर्धा दिवस मात्र जातो. लोकांचं नातं जेवणाच्या ताटाकडून जोडा. पंधरा-वीस घरांनी हंगामाचे पैसे आगाऊ द्यायचे आणि शेतात जे येईल त्याचा वाटा दर आठवड्याला घ्यायचा. पीक बुडालं तर तोटाही वाटून घ्यायचा. जपानमध्ये १९७० च्या दशकापासून 'तेईकेई' नावाने हे चालतं. दर कसणाऱ्याने ठरवावा, गटाने घासाघीस करू नये. आणि मालाचं वाटप करायला एक माणूस नेमा, नाहीतर कसणाराच हमाल होतो.

श्रमदान ठेवायचं तर काम कसणाऱ्याने सांगावं. दगड वेचणं, पालापाचोळ्याचं आच्छादन टाकणं, काढणीला हात लावणं, ही कामं नवखा माणूस नीट करतो. पुनर्लागवड आणि छाटणी नवख्याच्या हाती देऊ नका.

मुलांसाठी दोन प्रयोग सांगतो. पांढऱ्या सुती कापडाचे सारखे तुकडे दोन-तीन शेतांत वीतभर खोल पुरा, जागेवर खुंटी ठोका आणि दोन महिन्यांनी काढा. जिवंत मातीत कापडाची चाळण होते, मेलेल्या मातीत ते जवळपास तसंच निघतं. दुसरा: दोन्ही तोंडं उघडी असलेला डबा जमिनीत थोडा ठोकून त्यात पाणी ओता आणि ते मुरायला किती वेळ लागतो ते मोजा. कसलेल्या शेतात, पडीक तुकड्यात आणि वाहनं फिरलेल्या जागेत आकडे इतके वेगळे येतात की भाषण करावं लागत नाही.

येण्याजाण्याचे नियम फळ्यावर लिहून लावा: वाट एकच, फाटक बंद करून जायचं, कुत्री मोकळी सोडायची नाहीत, फवारणीच्या दिवशी कोणी यायचं नाही.

विकास आराखडा

मसुदा प्रसिद्ध होतो तेव्हाच हरकत नोंदवायची असते; मंजुरीनंतर ओरडून उपयोग नसतो. 'पर्यावरणाचा ऱ्हास' वगैरे पानभर लिहू नका. गट क्रमांक, मातीची खोली, पाण्याचा स्रोत, किती घरं त्या शेताचं खातात, एवढं एका पानात द्या आणि सोबत तुमचा रंगवलेला नकाशा जोडा. खंडाचे करार झाले असतील तर तेही लावा, म्हणजे जमीन पडीक आहे असं कोणाला म्हणता येणार नाही.

यादी दरवर्षी पीक निघाल्यावर नव्याने भरा. त्या काळात माणसं मोकळी असतात आणि पुढच्या हंगामाचा विचार सुरू झालेला असतो. चौथ्या रकान्यातलं नाव खोडलं गेलं असेल तर त्याच आठवड्यात त्या घरी जा.