पानाचे भाग एकदाच आणा, दाखवायचं-लपवायचं काम जावास्क्रिप्टला द्या

आमच्या परभणीकडं मोंढ्यातल्या एका आडत दुकानासाठी साइट केली होती, तीन भाग होते, आजचे भाव, माल आणायची नोंद आणि हिशोबपट्टी. सगळं सर्व्हरवर पीएचपी या भाषेतून तयार होऊन यायचं अन् दर वेळी टॅब दाबला की पूर्ण पान नव्यानं लोड. दुकानातल्या वायफायवर काही वाटायचं नाही, पण शेतात उभं राहून एका काडीच्या रेंजवर सोयाबीनचा भाव बघणाऱ्याला नुसती पांढरी स्क्रीन, शेवटी लोक दुकानात फोनच करायले. मग हे असं बदललं.

भाव आणि नोंद हे दोन्ही भाग सर्व्हरनं एकाच पानात पाठवायचे, प्रत्येक भाग वेगळ्या सेक्शन टॅगमध्ये, त्याला स्वतःचा आयडी, म्हणजे वेगळं नाव. वरचे टॅब म्हणजे साध्या लिंक, एचरेफमध्ये, म्हणजे लिंकच्या पत्त्यात, हॅश (# ही खूण) आणि त्या भागाचा आयडी. सर्व्हरवरून काहीच लपवून पाठवू नका बरं का, कारण स्क्रिप्ट अर्ध्यात अडकली तरी भाग एकाखाली एक दिसतात आणि माणसाचं काम होतं. मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

मग स्क्रिप्टमध्ये एकच फंक्शन लिहा, लोकेशनचा हॅश, म्हणजे पत्त्यातला # पासूनचा भाग, वाचायचा, ज्या सेक्शनचा आयडी जुळतो त्याचं हिडन (लपवायची खूण) फॉल्स, बाकीच्यांचं ट्रू, हॅश रिकामा असला किंवा भलताच असला तर पहिला भाग. हे फंक्शन पान उघडल्यावर एकदा आणि नंतर हॅशचेंज इव्हेंटवर, म्हणजे हॅश बदलला की, चालवा. क्लिक वेगळं पकडायची गरजच नाही, बॅक बटण आपोआप चालतं, आणि भावाच्या भागाची लिंक व्हॉट्सअॅपवर टाकली तर तोच भाग उघडतो. आयडी देवनागरीत ठेवला असेल तर हॅश टक्क्यांच्या खुणांत बदलून येतो, म्हणून आधी डीकोडयूआरआयकंपोनंट या फंक्शनमधून काढून मूळ अक्षरं मिळवा.

हिडन लावूनही भाग दिसतोच आहे? सीएसएसमध्ये (पानाच्या रंगरूपाचे नियम) त्याला डिस्प्ले फ्लेक्स किंवा ग्रिड दिलेलं असणार, ते हिडनवर भारी पडतं. हिडनसाठी डिस्प्ले नन, इम्पॉर्टंट लावून असा एक नियम लिहून टाका.

मी खरा अडकलो तो नोंदीच्या फॉर्मात. स्वतःचं ट्रॅक्टर निवडलं की भाड्याच्या टेम्पोचे रकाने लपायचे, पण त्यातला गाडी नंबर रिक्वायर्ड, म्हणजे भरायलाच हवा असा, होता, त्यामुळं बटण दाबलं तरी फॉर्म जाईना, आणि रकानाच दिसत नाही म्हटल्यावर ब्राउझर चूक दाखवणार कुठं. दोन दिवस लोक बटण दाबून दाबून वैतागले, मला फार वाईट वाटलं. उपाय सोपा आहे, ते रकाने फील्डसेट या गट करायच्या टॅगमध्ये घाला आणि लपवताना हिडनसोबत डिसेबल्ड, म्हणजे बंद, पण करा, मग त्यांची तपासणी होत नाही आणि ते सर्व्हरला जातही नाहीत.

हिशोबपट्टी मात्र अशी लपवून ठेवू नका. लपवलेलं सगळं पानाच्या सोर्समध्ये कुणालाही वाचता येतं, आणि कुणाच्या मालाचे किती पैसे झाले हा ज्याचा त्याचा विषय आहे. तो भाग लॉगिन झाल्यावर जावास्क्रिप्टच्या फेच फंक्शननं सर्व्हरकडून मागवा, मागणारा कोण हे सर्व्हरवरच तपासा, आणि तेवढाच एचटीएमएलचा तुकडा परत पाठवा. इनरएचटीएमएलनं पानात टाकलेल्या तुकड्यातली स्क्रिप्ट चालत नाही, म्हणून प्रिंटच्या बटणाचा लिसनर, म्हणजे क्लिक ऐकणारं फंक्शन, बाहेरच्या, आधीपासून असलेल्या डिव्हवर लावा, आतल्या बटणाचं क्लिक तिथवर पोचतं.