अमेरिकेतली सोनं-चांदीची भांडणं समजून घ्यायचीत? आधी गहू मोजा

आमच्या दांडिया बाजारातल्या अभ्यासमंडळात पॉप्युलिस्टांचा, म्हणजे १८९० च्या दशकातल्या अमेरिकेतल्या शेतकऱ्यांच्या पक्षाचा, विषय निघाला की पोरं थेट ब्रायनच्या, म्हणजे १८९६ च्या अध्यक्षपदाच्या चांदीवाल्या उमेदवाराच्या, भाषणापाशी जातात आणि तिथेच अडकतात. माझं ऐका, भाषण शेवटी ठेवा.

सुरुवात कर्जापासून करा. समजा कॅन्ससच्या एकाने जमीन गहाण टाकून १००० डॉलर उचलले. १८८१ च्या सुमारास गव्हाचा बुशेल, म्हणजे साधारण २७ किलो, डॉलरच्या वर जायचा, १८९४ ला तोच पन्नास सेंटच्या आसपास आला. म्हणजे आधी हजारेक बुशेल विकले की मुद्दल फिटायचं, आता दोन हजार लागणार, वर व्याज वेगळंच. हे गणित वहीत स्वतः मांडा, नुसतं वाचून नाही भिनत.

मग विचारा, भाव का पडले? धान्य जास्त पिकत होतं हे खरंच, पण शेतकऱ्यांचा राग पैशाच्या टंचाईवर होता, चलन कमी म्हणून भाव पडतात असं त्यांचं म्हणणं. १८७३ च्या कायद्याने चांदीच्या डॉलरची मोकळी टांकणी, म्हणजे कुणीही चांदी आणून नाणी पाडून घेणं, बंद झाली. म्हणून मागणी काय, तर १६ भाग चांदी बरोबर १ भाग सोनं या दराने टांकसाळ उघडा. बाजारात तेव्हा दर ३० च्या आसपास गेलेला, त्यामुळे समोरचे, म्हणजे सोन्याच्या बाजूचे, घाबरले ते उगीच नाही, आणि चांदीच्या खाणवाल्यांना हे का गोड लागलं तेही इथेच कळतं.

आता बडोदेकरांसाठी खास दुवा. २६ जून १८९३ ला इंग्रज सरकारने हिंदुस्थानातल्या टांकसाळी चांदीला बंद केल्या, चांदी अजून कोसळली, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात अमेरिकेनेही सरकारी चांदी खरेदी थांबवली. आपल्याकडे तेव्हा चांदीचा बाबाशाही रुपया चालायचा, म्हणजे ही भानगड काही फक्त त्यांची नव्हती.

पॉप्युलिस्टांचा १८९२ चा ओमाहा जाहीरनामा मात्र पूर्ण वाचा. रेल्वे सरकारची करा, चढता इन्कम टॅक्स लावा, आणि मला सगळ्यात भारी वाटते ती सबट्रेझरीची कल्पना, तिचाही त्यात उल्लेख आहे, की माल सरकारी गोदामात ठेवा, त्याच्या किमतीच्या ८० टक्के कर्ज १ टक्का व्याजाने घ्या, भाव चढला की विका. पुढे चांदीच्या गोंगाटात ही मागेच पडली, ब्रायन १८९६ ला मॅकिन्लीकडून १७६ विरुद्ध २७१ इलेक्टोरल मतांनी हरला. उत्तर लिहिताना सबट्रेझरीला अर्धं पान द्या, बहुतेक जण तिला एका ओळीत उरकतात.