ग्रीन टी वॉफल घरी करताय? मग या चुका टाळा, नाहीतर शेवटी पोहेच करावे लागतील

सोलापुरात नाश्ता म्हटलं की पोहे, उप्पीट, फार तर इडली. त्यात कुणीतरी रील बघून वॉफल मेकर मागवतं, ग्रीन टीचं पाकीट घरात पडलेलं असतंच, आणि रविवारी सकाळी प्रयोग सुरू. निघतं काय, तर कडवट, मळकट रंगाचं आणि मधे ओलसर असं काहीतरी. मग सगळा दोष रेसिपीला. पण रेसिपी बहुतेक वेळा ठीकच असते ओ, घोळ होतो तो पीठ कालवायच्या आधी पाकिटात, नाहीतर वॉफल निघाल्यावर ताटात.

आधी पाकिटाचं बघू, कारण इथंच निम्मा नाश्ता बिघडतो. वजन कमी करायला आणलेली टीबॅग फाडून पिठात टाकू नका, तो चुरा विरघळत नाही, दाताखाली कचकच येतो आणि रंगही येत नाही. लिंबू-मध फ्लेवरवाली तर लांबच ठेवा. वॉफलला लागतो माचा. जपानमध्ये चहाची झाडं तोडणीच्या आधी काही आठवडे झाकून सावलीत ठेवतात, त्यामुळे पानात हरितद्रव्य वाढतं, मग पानं वाफवून, वाळवून, शिरा-देठ काढून बारीक दळतात, तो हा माचा. क्योतोजवळचं उजी त्यासाठी नावाजलेलं आहे. पण म्हणून तिथला नुसता प्यायचा महागडा सेरेमोनियल ग्रेड आणून लोणी-साखरेत बुडवायची काही गरज नाही, कलिनरी ग्रेड म्हणजे स्वयंपाकातला म्हणून जो मिळतो तो पुष्कळ झाला. एवढं मात्र करा, पाकिटामागचे घटक वाचा. साखर, मिल्क पावडर दिसली तर ते लाटे मिक्स आहे, त्यातली जादाची साखर तापलेल्या साच्याला अशी चिकटते की वॉफल दोन तुकड्यांत निघतं, अर्धं वर, अर्धं खाली.

माचा नाहीच मिळाला तर सुटी ग्रीन टी दुधात उतरवा. दुधाला कडेनं बुडबुडे यायला लागले की गॅस बंद, 2 चमचे पानं टाकून झाकायचं, 4-5 मिनिटांनी गाळायचं. उकळायचं नाही आणि गाळताना दाबून पिळायचंही नाही, सगळा कडवटपणा त्यातूनच येतो. रंग फारसा येणार नाही, वास मात्र छान येतो.

आणि आपल्याकडचा उन्हाळा! एप्रिल-मेमध्ये पारा 40 च्या वर, आणि माचा काचेच्या बरणीत ओट्यावर, शेजारी शेगडी. पिवळा पडणारच. छोटं पाकीट आणा, घट्ट झाकणाच्या डब्यात, फ्रीजमध्ये. फक्त काढल्या काढल्या डबा उघडू नका, आतल्या गार पावडरीला बाहेरची दमट हवा लागली की गुठळ्या होतात, आधी बाहेरच्या हवेला येऊ द्या.

प्रमाण म्हणाल तर 1 कप मैदा, 2 टेबलस्पून कॉर्नफ्लोर (ते पांढरं, मक्याचं पिवळं पीठ नव्हे), दीड टीस्पून बेकिंग पावडर, 2 टेबलस्पून साखर, चिमूटभर मीठ, 2 टीस्पून माचा, 1 अंडं, पाऊण कप दूध आणि 4 टेबलस्पून वितळवलेलं लोणी, खारं बटर असेल तर मीठ टाकू नका. माचा चाळून आधी साखरेत कोरडाच मिसळायचा, थेट दुधात टाकला की वर तरंगत बसतो. हिरवा दिसावा म्हणून चमच्यावर चमचा वाढवू नका, खाताना तोंड वाकडं होईल. खायचा हिरवा रंग टाकणारेही आहेत, पण मग ग्रीन टी तरी कशाला, नुसता रंगच खा की.

रंग मळकट का होतो? बऱ्याचदा दह्या-ताकामुळे. आंबटपणा आणि उष्णता एकत्र आली की हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम सुटून जातं आणि रंग शेवाळी होतो. अंडं न खाणाऱ्या घरात हमखास दही-सोडा वापरतात, तिथंच फसतं. त्याऐवजी 1 टेबलस्पून कच्च्या जवसाची पूड 3 टेबलस्पून पाण्यात भिजवून घ्या, दहा मिनिटांत चिकट होते, अंड्याचं काम बऱ्यापैकी करते. जवस घरात असतोच, फक्त चटणीचा डबा उघडू नका. कणीक आणि गूळ घालणार असाल तर चव चांगली लागते, पण रंगाची आशा सोडा.

पीठ घोटत बसू नका, मैद्याला चिवटपणा येतो, बारीक गुठळ्या राहिल्या तर राहू द्या. आणि इडलीच्या सवयीनं रात्रीच कालवून ठेवू नका. बेकिंग पावडरचा जोर सकाळपर्यंत निघून गेलेला असतो. घाईच असेल तर कोरडं सगळं एका डब्यात भरून ठेवा, ओलं सकाळी.

मशीनचा दिवा लागला म्हणजे साचा तापला असं नाही, त्यानंतरही 2-3 मिनिटं थांबा. त्यात नळाला पाणी यायचा दिवस असेल आणि गल्लीभर मोटारी चालू असतील, व्होल्टेज पडलेलं असेल, तर आणखी थांबावं लागतं, नाहीतर पीठ साच्यात नुसतं वाफवल्यासारखं होतं. ब्रशनं तेलाचा हात फिरवा. पीठ ओतल्यावर बाजूनं वाफ जोरात येत असेपर्यंत झाकण उघडायचं नाही, डोकावायला उघडलं की वॉफल मधोमध फाटलंच. वाफ मंदावली, साधारण 4-5 मिनिटं झाली, की उघडा. फार करपू पण देऊ नका, तपकिरी झालं की हिरवं संपलं.

आता ताट. गरम वॉफल ताटात एकावर एक रचून वर झाकण ठेवलं की दोन मिनिटांत मऊ पडतं, आतली वाफ जाणार कुठं? कडक भाकरी कशी चुलीतल्या आहाराशेजारी उभी करून वाळवतात, गरम गरम डब्यात कोंबत नाहीत, तसंच हे. जाळीवर ठेवा, जाळी नसेल तर पुऱ्या काढायचा झारा पातेल्यावर आडवा टाकून त्यावर. वरून मध, साय, आणि डाळिंबाचे दाणे. सोलापूरच्या डाळिंबाला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय ते काही उगाच नाही, माच्याच्या कडवटपणावर ते आंबटगोड दाणे फार जमतात. मध मात्र आधी ओतून ठेवू नका, खाणाऱ्यानं खाताना ओतावा.

लहान मुलांचं बघून द्या. माच्यात पान अख्खंच पोटात जातं, त्यात कॅफीन असतं, म्हणजे चहा न पिणाऱ्या पोराला चहाच दिल्यासारखं. त्यांच्यापुरतं पीठ माचा न घालता वेगळंच कालवा, वेलची घाला.

उरलेली वॉफल गार झाल्यावर डब्यात भरून फ्रीझरमध्ये टाका, दुसऱ्या दिवशी मंद तव्यावर दोन्ही बाजूंनी शेका, मायक्रोवेव्हमध्ये मात्र लई चिवट होतात.