कोरियन पेपर थिसिसमध्ये वापरताय? या चुका टाळा

कुठल्याही सर्जरी रेसिडेंटचा ‘रिव्ह्यू ऑफ लिटरेचर’ उघडा, दोन-चार पानांत कोरिया येतोच. जठराचा कॅन्सर, थायरॉइड, लिव्हर ट्रान्सप्लांट, रोबो, विषय कुठलाही असो. त्यात गैर काही नाही. तिथले आकडे मोठे असतात, फॉलो-अप नीट ठेवलेला असतो आणि बरेचसे पेपर फुकट वाचायला मिळतात. गैर आहे ती घाई. ॲबस्ट्रॅक्टची शेवटची ओळ उचलायची आणि आपल्या वॉर्डातल्या पेशंटला चिकटवायची, हे दरवर्षी नव्या बॅचबरोबर नव्याने सुरू होतं.

टेबल एक न वाचता निष्कर्ष उचलणं

सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच, आणि तिचं नेहमीचं गिऱ्हाईक म्हणजे क्लास-01 (KLASS-01). टेबल एक म्हणजे पेपरमधले पेशंट कोण होते ते सांगणारं पहिलं कोष्टक. जठराच्या कॅन्सरमध्ये दुर्बिणीतून (लॅपरोस्कोपीने) केलेली डिस्टल गॅस्ट्रेक्टॉमी, म्हणजे जठराचा खालचा भाग काढणं, विरुद्ध पोट उघडून केलेली, असा हा कोरियातला रँडमाइज्ड ट्रायल. 2006 ते 2010 या काळात 1,416 पेशंट घेतले. पाच वर्षांनी जिवंत असलेले दुर्बिणीच्या गटात 94.2 टक्के, उघड्या शस्त्रक्रियेच्या गटात 93.3 टक्के. जखमेच्या तक्रारी 3.1 टक्के विरुद्ध 7.7 टक्के. थिसिसमध्ये याचं एक वाक्य होतं: ‘जठराच्या कॅन्सरमध्ये लॅपरोस्कोपी सुरक्षित आहे, सर्व्हायव्हल 94 टक्के.’

आता टेबल एक उघडा. पेशंट क्लिनिकल स्टेज एकचे आहेत. ते मिळाले कसे? कोरियात चाळिशीनंतर दर दोन वर्षांनी सरकारी योजनेत जठराची तपासणी होते, बहुतेकांची एंडोस्कोपीच. म्हणजे यातल्या अनेकांना काही त्रास होत नव्हता. आपल्याकडे याच आजाराचा पेशंट येतो तेव्हा महिनाभर उलट्या झालेल्या असतात, हिमोग्लोबिन सात असतं, अल्ब्युमिन अडीच असतं आणि सीटीवर गाठ सिरोसाच्या, म्हणजे जठराच्या सगळ्यात बाहेरच्या आवरणाच्या, बाहेर आलेली असते. त्याला 94 टक्के सांगणं म्हणजे दुसऱ्याच्या कुंडलीवरून याचं भविष्य सांगणं.

दुसरी गोष्ट ऑपरेशन कोणी केलं ही. या ट्रायलमध्ये येण्याआधी प्रत्येक सर्जनच्या हातून दोन्ही पद्धतींच्या किमान 50-50 गॅस्ट्रेक्टॉमी झालेल्या असायला हव्या होत्या. पुढे गेलेल्या आजारासाठी केलेल्या क्लास-02 मध्ये तर सर्जनचे न कापलेले, सलग व्हिडिओ तपासून मगच प्रवेश दिला. वर्षाला सहा गॅस्ट्रेक्टॉमी होणाऱ्या युनिटने तो निकाल आपलाच समजू नये, एवढं तरी डिस्कशनमध्ये लिहा.

तिसरी गोष्ट, हा नॉन-इन्फिरिऑरिटी ट्रायल आहे. 94.2 हे 93.3 पेक्षा ‘जास्त’ म्हणून दुर्बीण ‘सरस’ ठरत नाही. पाच टक्क्यांपेक्षा जास्त वाईट नाही, एवढंच सिद्ध करायला हा ट्रायल आखला होता.

माझी पद्धत साधी आहे. ॲबस्ट्रॅक्ट वाचायचाच नाही. आधी टेबल एक, मग मेथड्समधला निवडीचा परिच्छेद, मग किती पेशंट कुठे गळाले त्याचा फ्लो-चार्ट. कागदाच्या डाव्या बाजूला पेपरमधलं वय, बीएमआय, स्टेज आणि दर वर्षीच्या केसेस लिहायच्या, उजव्या बाजूला आपल्या युनिटचे तेच चार आकडे. दहा मिनिटं लागतात. दहा मिनिटं नसतील तर तो पेपर संदर्भात घालू नका.

बीएमआयबद्दल जाता जाता: कोरियात 25 च्या वर लठ्ठ धरतात, आपल्याकडच्या 2009 च्या शिफारशीतही तेच आहे. अमेरिकन पेपरमध्ये लठ्ठ म्हणजे 30 च्या वर. तिन्ही पेपर एकाच कोष्टकात ‘लठ्ठ’ या रकान्याखाली ठेवलेत तर ते कोष्टक बाद समजा.

थायरॉइडच्या सर्व्हायव्हलवर भाळणं

‘कोरियात थायरॉइड कॅन्सरचं पाच वर्षांचं सर्व्हायव्हल जवळजवळ 100 टक्के, कारण शस्त्रक्रिया उत्कृष्ट.’ वाक्याचा पहिला अर्धा भाग खरा, दुसरा घातक. यामागची हकिकत प्रत्येक रेसिडेंटला तोंडपाठ हवी.

1999 मध्ये कोरियात राष्ट्रीय कॅन्सर तपासणी सुरू झाली. थायरॉइड त्या यादीत नव्हताच. पण तपासणीला आलेल्या माणसाला थोडे पैसे भरून मानेची सोनोग्राफीही करून घ्या, असं दवाखाने सुचवू लागले. प्रोब ठेवला की गाठ दिसते, सुई टाकली की पॅपिलरी कार्सिनोमा, थायरॉइडच्या कॅन्सरचा नेहमीचा प्रकार, निघतो. इतर कारणांनी गेलेल्या प्रौढांच्या काही शवविच्छेदन-अभ्यासांत जवळपास एक-तृतीयांश लोकांच्या थायरॉइडमध्ये असे बारीक पॅपिलरी कॅन्सर सापडतात, आणि जिवंतपणी त्यांचा कुणाला पत्ता नसतो. 2011 पर्यंत थायरॉइड कॅन्सरचं प्रमाण 1993 च्या 15 पट झालं. त्या एका वर्षात 40,000 हून जास्त लोकांना निदान मिळालं. दर वर्षीचे मृत्यू मात्र 300 ते 400 च्या घरातच राहिले.

निदान झालेल्या जवळजवळ प्रत्येकाची शस्त्रक्रिया झाली, दोन-तृतीयांश लोकांची संपूर्ण ग्रंथी काढली गेली. विम्याच्या नोंदींतून 15,000 हून जास्त ऑपरेशन तपासली तेव्हा 11 टक्के लोकांना हायपोपॅराथायरॉइडिझम (शेजारच्या पॅराथायरॉइड ग्रंथी दुखावून कॅल्शियम उतरणं) आणि 2 टक्के लोकांना व्होकल कॉर्डचा पॅरालिसिस झालेला दिसला. अकरा टक्के म्हणजे दर नऊ जणांत एक माणूस बोटांना मुंग्या येतात म्हणून कॅल्शियमच्या गोळ्या जवळ बाळगतोय, आणि यातल्या कितीतरी गाठींनी त्याला आयुष्यभर काहीच केलं नसतं. 2014 मध्ये काही डॉक्टरांनीच जाहीरपणे याला विरोध केला, वर्तमानपत्रांनी विषय उचलला आणि वर्षभरात शस्त्रक्रिया सुमारे 35 टक्क्यांनी घटल्या.

निरुपद्रवी गाठी टक्केवारीच्या छेदात, म्हणजे एकूण पेशंटच्या संख्येत, भरल्या की सर्व्हायव्हलचा आकडा आपोआप फुगतो. सर्जनचा हात चांगला की वाईट, हे त्या आकड्यातून कळतच नाही. म्हणून कोरियन थायरॉइड मालिका हातात आली की दोनच गोष्टी आधी बघायच्या: पेशंट 2014 च्या आधीचे की नंतरचे, आणि गाठीचा सरासरी आकार किती. सरासरी एक सेंटिमीटरच्या खाली असेल तर तुमच्या चार सेंटिमीटरच्या गाठीशी, बाजूला नोड्स असलेल्या पेशंटशी, तुलना करू नका.

काखेतून रोबोने थायरॉइड काढण्याची पद्धतही याच काळातली. 2007 मध्ये सोलमध्ये सुरू झाली. काखेत पाच-सहा सेंटिमीटरचा छेद, पेक्टोरॅलिसवरून मानेपर्यंत फ्लॅप उचलायचा आणि स्टर्नोमॅस्टॉइडच्या दोन डोक्यांमधून आत शिरायचं. सडपातळ पेशंट, लहान गाठ, दिवसाला कितीतरी केसेस, त्यामुळे निकाल सुरेख आले. अमेरिकेत तेच जाड छातीच्या, लांब फ्लॅपच्या, मोठ्या गाठीच्या पेशंटमध्ये करायला गेले. वर ताणून बांधलेल्या हातामुळे ब्रेकियल प्लेक्सस (हाताच्या नसांचं जाळं) दुखावल्यासारख्या, मानेच्या साध्या शस्त्रक्रियेत कधी न दिसणाऱ्या तक्रारी पुढे आल्या. 2011 मध्ये रोबो बनवणाऱ्या कंपनीनेच तिथे या शस्त्रक्रियेचा पाठिंबा काढून घेतला. शिकाऊ मंडळींना यातला फक्त व्हिडिओ आठवतो.

एकच पेशंट दोनदा मोजणं

मेटा-ॲनालिसिस, म्हणजे अनेक पेपरांचे आकडे एकत्र करून काढलेला निष्कर्ष, हा सोपा पेपर, पेशंट बघावा लागत नाही, अशी एक समजूत आहे. तिची किंमत इथे मोजावी लागते.

2015 च्या जनगणनेत कोरियातले 21.5 टक्के लोक किम, 14.7 टक्के ली आणि 8.4 टक्के पार्क होते. तेव्हा ‘किम जे. एच.’ हे नाव दोन पेपरवर दिसलं म्हणजे माणूस एकच असं नाही. उलट एकाच माणसाचं आडनाव एकदा ‘जंग’ आणि एकदा ‘चंग’ असं वेगळ्या स्पेलिंगने छापलेलं असू शकतं. नावावरून डुप्लिकेट शोधू नका.

युनिव्हर्सिटीवरूनही नको. ‘उल्सान युनिव्हर्सिटी’ वाचून पेशंट आग्नेय किनाऱ्यावरच्या उल्सान शहरातले समजाल, पण त्या कॉलेजचं आसान मेडिकल सेंटर सोलमध्ये आहे. सॅमसंग मेडिकल सेंटर सुंगक्युनक्वान युनिव्हर्सिटीखाली येतं. सेव्हरन्स आणि गंगनाम सेव्हरन्स दोन्ही योनसेची, पण हॉस्पिटलं दोन आणि पेशंट वेगळे. सोल नॅशनलचं मुख्य हॉस्पिटल आणि बुंदांगचं हॉस्पिटल यांचंही तसंच.

एक्सेलमध्ये सहा रकाने करा: हॉस्पिटल (कॉलेज नव्हे), पहिल्या ऑपरेशनची तारीख, शेवटच्या ऑपरेशनची तारीख, ऑपरेशनचा प्रकार, पेशंटची संख्या, ट्रायल किंवा आयआरबी (हॉस्पिटलची एथिक्स कमिटी) नंबर. मग हॉस्पिटलनुसार सॉर्ट करा. समजा एका पेपरमध्ये जानेवारी 2005 ते डिसेंबर 2010 चे 312 पेशंट आहेत आणि त्याच हॉस्पिटलच्या दुसऱ्यात 2003 ते 2012 चे 540. ऑपरेशन एकच असेल तर ते 312 बहुधा 540 च्या पोटातच आहेत. सर्व्हायव्हलसाठी लांब फॉलो-अपचा पेपर ठेवा. रक्तस्राव किंवा ऑपरेशनचा वेळ फक्त लहान पेपरमध्ये दिला असेल तर त्या आउटकमपुरता तो घ्या. दोन्ही एकाच फॉरेस्ट प्लॉटमध्ये, म्हणजे सगळ्या पेपरांचे निकाल एकाखाली एक मांडणाऱ्या आलेखात, कधीच नाही. शंका राहिली तर लेखकाला ईमेल करा.

विम्याच्या डेटाला केस पेपर समजणं

कोरियाचा राष्ट्रीय आरोग्य विमा जवळजवळ सगळ्या लोकसंख्येला लागू आहे, त्यामुळे ‘संपूर्ण देशाचा अभ्यास’ असे पेपर भराभर निघतात. पण क्लेममधला, म्हणजे हॉस्पिटलने विम्याकडे पाठवलेल्या बिलातला, आजाराचा कोड पैसे मिळावेत म्हणून टाकलेला असतो. नुसत्या संशयावर तपासणी करायची असली तरी कोड पडतो. जाणते संशोधक कॅन्सरसाठी सी-कोडबरोबर (हा कॅन्सरच्या निदानाचा कोड) व्ही-193 हाही कोड बघतात. तो कॅन्सरच्या खर्चात सवलत मिळण्यासाठी नोंदणी झाल्यावरच लागतो, म्हणून जास्त भरवशाचा. मेथड्समध्ये फक्त सी-73 (थायरॉइड) किंवा सी-16 (जठर) लिहिलं असेल तर निकाल चिमटीत धरूनच घ्या.

आणि रोबो सर्जरी या विम्यात बसत नव्हती, पेशंट खिशातून पैसे भरायचा. त्यामुळे क्लेममध्ये ती नीट दिसत नाही, आणि हॉस्पिटलच्या मालिकांमध्ये रोबोच्या गटात तरुण, सुस्थितीतले पेशंट जास्त जमतात. रोबोवाले लवकर घरी गेले याचं श्रेय रोबोला देण्याआधी त्या दोन गटांची वयं बघा.

केस रिपोर्टमधलं ताट न बघणं

लिव्हरमध्ये अनेक बारीक, कडा धूसर असलेल्या गाठी, रक्तात इओसिनोफिल (जंतांच्या आजारात वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी) वाढलेले, पुढच्या सीटीत गाठींनी जागा बदललेली. कोरियन डॉक्टर पहिला प्रश्न विचारतो: गाईचं कच्चं लिव्हर खाल्लं होतं का? कारण तिथे टॉक्सोकॅरा हा जंत याच वाटेने येतो. छातीत गाठ आणि इओसिनोफिल असतील तर गोड्या पाण्यातला कच्चा खेकडा, म्हणजे पॅरागोनिमस हा फुप्फुसातला जंत. पित्तनलिकेच्या कॅन्सरमध्ये गोड्या पाण्यातले कच्चे मासे, म्हणजे क्लोनॉर्किस हा लिव्हरचा जंत. रिपोर्टच्या हिस्टरीतली ती एक ओळ गाळून फक्त सीटीचे फोटो जर्नल क्लबात दाखवले की केसला ना शेंडा ना बुडखा. आपल्याकडे लिव्हर ॲब्सेस म्हटलं की अमीबा आठवतो, पण अमीबाने इओसिनोफिल वाढत नाहीत. तिथेच थांबून विचार करायला हवा. खेकड्याचा पॅरागोनिमस भारतात मणिपूरकडे आहेच, तेव्हा टीबीची औषधं देऊनही न हटणाऱ्या थुंकीतल्या रक्ताला गाव कुठलं हे विचारा.

ग्राफ्टचं वजन तोंडी हिशेबाने काढणं

जिवंत दात्याचं लिव्हर ट्रान्सप्लांट कोरियात जास्त आणि आपल्याकडेही, म्हणून तिथला ग्राफ्ट-वजनाचा 0.8 टक्क्यांचा नियम (बसवायच्या लिव्हरचा तुकडा, म्हणजे ग्राफ्ट, पेशंटच्या वजनाच्या किमान 0.8 टक्के हवा) इथे सर्रास वापरतात. भागाकार कशाने केला ते मात्र बघत नाहीत. पेशंट 68 किलोचा, त्यात 8 लिटर पाणी पोटात. 68 धरलं तर 544 ग्रॅम लागतात, 60 धरलं तर 480. शिवाय सीटीवरचा आकडा प्रत्यक्ष ग्राफ्टपेक्षा साधारण दहा टक्के जास्त येतो, कारण काढलेल्या ग्राफ्टमधलं रक्त धुतलेलं असतं. सीटीने 520 मिली सांगितलं तर टेबलावर 470 ग्रॅमच्या आसपास धरा. 60 किलोला ते 0.78 होतं. पेपरमधला 0.8 सीटीचा आहे की तराजूचा, हे न लिहिलेला रिव्ह्यू परत पाठवावा.

उरलेल्या, एकेका ओळीच्या

‘जगातली पहिली केस’ लिहिण्याआधी कोरियामेडवर, म्हणजे कोरियन मेडिकल जर्नलांच्या डेटाबेसवर, शोधा. जुने कोरियन भाषेतले रिपोर्टही इंग्रजी ॲबस्ट्रॅक्टसह तिथे सापडतात.

सर्जिकल केस रिपोर्टला स्केअर (SCARE), इतर केस रिपोर्टला केअर (CARE), या लिखाणाच्या चेकलिस्ट आहेत. चेकलिस्ट लिहून झाल्यावर नाही, पेशंट वॉर्डात असतानाच भरायला घ्या, नाहीतर संमतीपत्र आणि फॉलो-अपची तारीख हमखास राहते.

पेपर फुकट वाचता येतो म्हणून फोटो फुकट छापता येत नाही. अनेक कोरियन जर्नलांचं लायसन्स अव्यावसायिक वापरापुरतंच असतं.

कॉम्प्लिकेशन ‘5 टक्के’ लिहिलं असेल तर क्लाव्हियन-डिंडोच्या, म्हणजे कॉम्प्लिकेशन किती गंभीर ते सांगणाऱ्या प्रतवारीच्या, सगळ्या ग्रेड धरल्यात की तीन आणि त्यावरच्याच, ते बघा.

जून 2023 पर्यंत कोरियात रोजच्या बोलण्यात वय जन्मापासूनच एक धरून आणि दर 1 जानेवारीला एकाने वाढवून मोजत. पेपरमधलं पेशंटचं वय पूर्ण वर्षांचं असतं, पण ‘सात वर्षांचा असल्यापासून त्रास’ ही पेशंटने सांगितलेली हिस्टरी असेल तर मूल तेव्हा सहाचं किंवा पाचचंही असू शकतं. लहान मुलांच्या केसमध्ये हा फरक धरूनच वाचा.